शाळेने काढून टाकलं, आता वकील कुठे शोधू?

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय वाढतो: 'संस्थेने कामावरून काढलं.' या वेळचं सदर म्हणून पूर्ण त्यालाच दिलं आहे. खाली वारंवार येणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७, आणि 'नियमावली' म्हणजे त्याखालची १९८१ ची. शाळा मान्यताप्राप्त असली की अनुदानित असो वा विनाअनुदानित, हा कायदा लागतो. शिक्षकांइतकाच तो लिपिक आणि शिपायांनाही लागतो.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत पाच वर्षं शिकवते. नियुक्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आहे. १६ जूनला शाळेत गेले तर मुख्याध्यापक म्हणाले, "संस्थेचा निरोप आहे, मस्टरवर सही करू नका." हातात कागद काहीच दिला नाही. ओळखीतले एक जण कामगार न्यायालयात जा म्हणतात. वकील कसा शोधू? पगार बंद असताना फी कुठून देऊ?

कामगार न्यायालयात जाऊ नका. शिक्षक हा औद्योगिक कायद्यातला 'कामगार' नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ए. सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तिथे दावा लावून वर्षभराने 'हे आमच्या कक्षेत नाही' असं ऐकून परत आलेले शिक्षक आम्हाला आजही पत्रं लिहितात. तुम्हाला जायचं आहे शाळा न्यायाधिकरणात, कायद्याच्या कलम ९ खाली अपील घेऊन.

त्या अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस आहे. तुम्हाला कागद दिला नाही म्हणून मुदत सुरूच झाली नाही, असं समजून बसू नका. कलम ९ मध्ये बडतर्फी आणि काढून टाकणं यांच्याबरोबर 'अन्य प्रकारे सेवा समाप्त करणं' हेही आहे, त्यात तोंडी काढणं बसतं. तेव्हा १६ जून हीच तारीख धरा आणि १६ जुलैच्या आत अपील दाखल करा. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि शपथपत्र लागतं, उशिराचं पटणारं कारण सांगावं लागतं, आणि संस्था त्यावरच सहा महिने वाद घालते.

वकील शोधण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी, एक पत्र पाठवा. एवढंच लिहा: 'आज दि. १६ जून रोजी सकाळी १०.४० वाजता मी शाळेत हजर झाले. मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर सही करू दिली नाही. मला कोणताही लेखी आदेश दिलेला नाही. मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी.' आरोप, संताप, मागचा इतिहास यांतलं काही नको. एक प्रत संस्थेच्या सचिवांना, एक मुख्याध्यापकांना, एक जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (माध्यमिक). हाताने देत असाल तर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर पोचेची सेवा मागून घ्या. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका, तसंच वकिलाकडे द्या. पुढचे तीन-चार दिवसही शाळेत जा आणि गेल्याची नोंद ईमेलने पाठवत राहा. 'बाई स्वतःच यायच्या बंद झाल्या' हा संस्थांचा सगळ्यात आवडता बचाव आहे आणि तो मोडायला हीच पत्रं कामी येतात.

मग कागद गोळा करा: जाहिरात, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, मान्यतेचं पत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतली नोंद, वेळापत्रक, सेवापुस्तकाची प्रत असेल तर ती. जे हाती नाही ते शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दोन विषय एकत्र केले की अर्ज त्याच कारणावरून अडतो, म्हणून मान्यतेची फाइल आणि संचमान्यता (शाळेला मंजूर पदांचा आदेश) यांचे अर्ज वेगवेगळे करा. मात्र उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात आणि तुमची मुदतही तेवढीच आहे. उत्तराची वाट बघत अपील थांबवू नका, कागद मागाहून जोडता येतात.

आता वकील. प्रत्येक जिल्ह्यात शाळा न्यायाधिकरण नाही, एकेका न्यायाधिकरणाकडे अनेक जिल्हे असतात. तुमच्या जिल्ह्याचं जिथे बसतं तिथे एक दिवस जाऊन बसा. बोर्डावरची प्रकरणं ऐका, कोण नेमाने उभं राहतं ते पाहा. भेटायला जाल तेव्हा वकिलांना एकच विचारा: 'माझी नियुक्ती कलम ५ प्रमाणे झाली हे आपण कशावरून सिद्ध करणार?' कारण शाळा मान्यताप्राप्त आहे का आणि नेमणूक रीतसर झाली होती का, हे न्यायाधिकरण आधी बघतं. जे लगेच जाहिरात, रिक्त पद, आरक्षण, पात्रता यांबद्दल विचारू लागतील, त्यांना या कामाची सवय आहे असं समजा.

फीची चिंता करताय, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ तुमच्यासाठीच आहे. स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. पगार मोठा होता म्हणून अर्ज घेणार नाहीत, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साधा अर्ज, ओळखपत्र आणि प्रकरणाचे कागद द्या, अर्जाला पैसे लागत नाहीत. 'आम्ही न्यायालयातल्या केसलाच वकील देतो' असं उत्तर मिळालं तर त्याच कायद्याच्या कलम २ मधली 'न्यायालय' ही व्याख्या दाखवा, तिच्यात न्यायाधिकरण येतं. अर्जाच्या माथ्यावर ठळक लिहा: 'अपिलाची मुदत १६ जुलै रोजी संपते.' हे न लिहिल्यामुळे अर्ज ढिगात राहतो आणि वकील नेमला जाईपर्यंत महिना उलटतो. अडलं तर १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा.

अपिलात संस्था आणि मुख्याध्यापकांबरोबर शिक्षणाधिकाऱ्यांनाही प्रतिवादी करा. तुमच्या जागी कुणाला घेतलं असेल तर त्या व्यक्तीलाही करायला लावा, नाहीतर निकालानंतर ती व्यक्ती 'मला ऐकलंच नाही' म्हणून उच्च न्यायालयात जाते. आणि अपिलाच्या मसुद्यात एक वाक्य आहे की नाही ते स्वतः तपासा: काढल्यापासून मी अन्यत्र कुठेही पगारी नोकरी करत नाही. मागचा पगार या वाक्यावर अवलंबून असतो. २०१३ मध्ये दीपाली सुरवसे प्रकरणात, तेही याच कायद्याखालचं, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कर्मचाऱ्याने असं निवेदन केलं की तो दुसरीकडे कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी संस्थेवर येते. शिकवण्या घेत असाल तर तेही खरं सांगा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली तर बाकीच्या सगळ्यावरचा विश्वास उडतो.

प्रश्न : रुजू होताना संस्थेने कोऱ्या कागदावर सही घेतली होती. आता त्यावर राजीनामा छापून 'तुमचा राजीनामा मंजूर झाला' असं पत्र आलं आहे. मी राजीनामा दिलेलाच नाही. (शिक्षक, जि. बीड)

मंजुरीचं पत्र हाच तुम्हाला काढल्याचा आदेश समजा आणि त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. त्याआधी आजच संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा की मी राजीनामा दिलेला नाही, सही कोऱ्या कागदावर घेतली होती, मूळ कागद जपून ठेवावा. मूळ कागद न्यायाधिकरणापुढे मागवायचा अर्ज वकिलांकडून पहिल्या तारखेलाच करून घ्या. सहीच्या शाईचं आणि मजकुराचं वय, मजकूर सहीला चुकवून दाबून बसवलेला असणं, या गोष्टी झेरॉक्सवर कळत नाहीत.

तुमच्या बाजूने कलम ७ आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची, अशी पद्धत कायद्यानेच घालून दिली आहे. कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, असं नियम ४० सांगतो. संस्थेकडे टपालाचं पाकीट नाही, पावती नाही, नोटिशीचा काळ नाही, मंजुरी मात्र दुसऱ्या दिवशी, असा राजीनामा टिकवणं संस्थेला जड जातं.

'सही करून द्या, नाहीतर बघून घेऊ' असे निरोप व्हॉट्सॲपवर आले असतील तर तो फोन विकू नका, रिसेट करू नका, गप्पा पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकिलांकडून अपिलाबरोबरच करून घ्या.

प्रश्न : माझ्यावर आरोप ठेवून संस्थेने चौकशी समिती नेमायचं ठरवलं आहे. मला माझा प्रतिनिधी कळवायला सांगितलंय. ही चौकशी नावापुरतीच असणार, मग मी भाग घेतला नाही तर? (मुख्याध्यापक नसलेला सहशिक्षक, जि. जळगाव)

भाग घ्याच. या टप्प्यावर बहिष्कार टाकणं ही या प्रकरणांतली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

नियम ३६ प्रमाणे सहशिक्षकाच्या चौकशीची समिती तिघांची असते. एक व्यवस्थापनाच्या सदस्यांपैकी, एक तुम्ही नेमलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला. तुमचा प्रतिनिधी कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी असू शकतो, तुमच्याच शाळेतला असण्याची गरज नाही. नाव कळवायला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात कळवलं नाही तर उरलेल्या दोघांचीच समिती रीतसर झाली असं नियमच मानतो, आणि मग 'मला बाजू मांडू दिली नाही' हा मुद्दा अपिलात लंगडा होतो.

प्रतिनिधी निवडताना जवळचा मित्र बघू नका, न घाबरता लिहिणारा माणूस बघा. दुसऱ्या संस्थेतला, सेवेची बरीच वर्षं झालेला, कधीतरी अशा चौकशीत बसलेला कर्मचारी सगळ्यात उत्तम. त्याचं काम तुमची वकिली करणं नाही. साक्षीदार काय बोलला ते जसंच्या तसं नोंदवलं गेलं का आणि त्याच दिवशी सह्या झाल्या का, हे त्याने पाहायचं. चुकीच्या नोंदीवर त्याने आपला आक्षेप तिथेच लिहून सही करावी. अहवालाच्या वेळी त्याला बाजूला ठेवून दोघांनीच निष्कर्ष काढला, किंवा प्रत्येकाने वेगवेगळा अहवाल दिला, तर ती मोठी त्रुटी ठरते. २००७ मध्ये विद्या विकास मंडळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिघांनी मिळून निर्णय घ्यायला हवा यावरच भर दिला.

आरोपांच्या विवरणपत्राला खुलासा द्यायला सात दिवस असतात. कागद न देता खुलासा मागितला असेल तर सात दिवसांच्या आत 'अमुक कागद द्यावेत' असं पत्र द्या आणि त्याच पत्रात आरोप नाकारा. गप्प राहून मुदत घालवू नका. तुम्हाला निलंबित केलं असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. निलंबनाला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी होती का? नसेल तर निर्वाहभत्ता पहिल्या दिवसापासून संस्थेने स्वतःच्या खिशातून द्यायचा असतो. तो थकला की दर महिन्याला लेखी मागा. भत्ता न देता दूरच्या गावी चौकशीला बोलावणं हा न्याय नाही, आणि तो मुद्दा मांडायचा तर मागणीची पत्रं हातात हवीत.

वकिलांना याच टप्प्यावर गाठा. ते समितीसमोर बसणार नसले तरी खुलासा आणि उलटतपासणीचे प्रश्न त्यांच्याकडून तपासून घेता येतात. चौकशी बिघडल्यावर अपिलात दुरुस्ती करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

प्रश्न : वकील म्हणतात, आता पैसे देऊ नका, मागचा पगार मिळाला की त्यातले ३० टक्के द्या. हे बरोबर आहे का? आणि पटलं नाही तर वकील बदलता येतो का? (लिपिक, जि. नागपूर)

नाही, बरोबर नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. असा करार करू नका. गोड वाटला तरी तडजोडीच्या वेळी तो तुमच्या मुळावर येतो, कारण नोकरीवर परत जाण्यापेक्षा एकरकमी पैसे घेण्याकडे तुम्हाला ओढलं जातं. त्याऐवजी पूर्ण अपिलाची एकत्रित फी ठरवा आणि ती टप्प्यांनी द्या: दाखल करताना, पुरावा सुरू होताना, युक्तिवादाच्या वेळी. टंकलेखन, झेरॉक्स, प्रवास फीमध्ये धरले आहेत की वेगळे, हे आधीच विचारा. प्रत्येक वेळी पावती घ्या किंवा पैसे खात्यावर भरा. वकीलपत्रावर सही करण्याआधी त्यात प्रकरणाचं नाव भरलेलं असू द्या.

वकील बदलणं हा तुमचा हक्क आहे. आधीच्या वकिलांकडून नाहरकत घ्यावी, हा शिष्टाचार झाला. थकलेल्या फीसाठी त्यांना तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवलं आहे. तरीही ही वेळच येऊ नये म्हणून मूळ कागद स्वतःकडे ठेवा, वकिलांना छायाप्रती द्या आणि मूळ फक्त दाखल करायच्या दिवशी न्या.

प्रश्न : दर जूनला एका शैक्षणिक वर्षाचा आदेश देतात, एप्रिलअखेर सेवा संपते. अशी चार वर्षं झाली. या जूनला आदेशच दिला नाही. मी कायम झाले ना? (शिक्षिका, जि. सातारा)

केवळ चार वर्षं झाली म्हणून नाही. खोटी आशा लावून तुम्हाला न्यायाधिकरणात पाठवण्यात अर्थ नाही. परिविक्षेचा (प्रोबेशनचा) दोन वर्षांचा काळ, आणि शिक्षण सेवकाचा, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाचा, तीन वर्षांचा, पूर्ण झाला की कायम मानलं जातं हे कलम ५ सांगतं, पण ती नेमणूक रिक्त कायम पदावर आणि रीतसर निवडीने झालेली असावी लागते. मुदतीच्या नेमणुका आपोआप कायम होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा म्हटलं आहे.

तेव्हा तुमचं प्रकरण चार कागदांवर उभं राहील: त्या पदाची जाहिरात, पद स्पष्ट रिक्त असल्याचं दाखवणारी त्या वर्षांची संचमान्यता, बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या पदांच्या नोंदवहीत) ते पद तुमच्या प्रवर्गाला असणं, आणि तुमची पात्रता (पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेसकट). हे चारही जुळत असतील आणि संस्थेने तरीही मुद्दाम तुटक आदेश दिले असतील, तर अपील जरूर करा. एखादा जुळत नसेल तर वकिलांना तो आधी सांगा. मुदतीची तारीख धरताना शेवटच्या आदेशाची समाप्ती, म्हणजे एप्रिलअखेर, आणि जूनमध्ये नकार मिळाला तो दिवस, या दोन्ही लिहा आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा. संस्था एप्रिलचीच तारीख धरणार.

प्रश्न : मान्यता नाकारली म्हणून काढलं. शिक्षणाधिकाऱ्यांशी भांडू की संस्थेशी? (प्रयोगशाळा सहायक, जि. रायगड)

दोन्हीकडे, पण वेगवेगळ्या ठिकाणी. मान्यता हा मुख्यतः अनुदानाचा प्रश्न आहे. रीतसर केलेली नेमणूक मान्यता नाही एवढ्यावरून रद्द होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलाई हायस्कूल प्रकरणात म्हटलं आहे. काढल्याविरुद्ध न्यायाधिकरणात ३० दिवसांत जा. मान्यता नाकारल्याच्या आदेशाला उच्च न्यायालयात रिट याचिकेने आव्हान द्यावं लागतं. रिटचा निकाल येईपर्यंत अपील थांबवू नका.

प्रश्न : अपील जिंकलो. 'पुन्हा रुजू करून घ्या आणि मागील वेतन द्या' असा आदेश आहे. संस्था दाद देत नाही. (शिक्षक, जि. सांगली)

निकालाची प्रमाणित प्रत जोडून रुजू होण्याचं पत्र द्या, ठरलेल्या दिवशी शाळेत जा आणि रुजू करून घेतलं नाही तर त्याची लेखी नोंद पाठवा. न्यायाधिकरणाचा आदेश न पाळणाऱ्या व्यवस्थापनाला कलम १३ खाली शिक्षा आहे. ती तक्रार करायची तर नकाराचा पुरावा लागतो. शाळा अनुदानित असेल तर कलम ११ पाहा. तुमची रक्कम संस्थेच्या अनुदानातून कापून थेट तुम्हाला द्यावी अशी शिफारस न्यायाधिकरण शासनाला करू शकतं. निकालात ती नसेल तर वकिलांशी बोलून तसा अर्ज द्या.

संस्था उच्च न्यायालयात जाईल असं धरून लगेच कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही. सांगलीसाठी ते आता मुंबईला नव्हे, १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे द्यायचं. कॅव्हेट ९० दिवसच टिकतं. ८५ व्या दिवशी नवीन टाका.